शिवली नाहीस

कोपऱ्यावरच्या शेट्टीच्या दुकानात त्या सोमवारी जे झालं ते खरं म्हणजे काहीच नव्हतं. शेट्टीनं तांबड्या साबणाची वडी कागदात गुंडाळली, सुतळी तोडली, आणि आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, की काय कमलम्मा, आठ दिवसांतली ही चौथी वडी, घरात धोबीखाना काढला की काय? दुकानातली आणखी दोन माणसं हसली. कमलाही हसली. चांगली तोंडभर हसली, पदर सावरला, पुडी पिशवीत टाकली, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या रामेश्वराच्या देवळाच्या भिंतीशी येऊन थांबली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि तिला वाटत होतं की तिची मूठ अजून झाकलेली आहे. घरात जे चाललंय ते घरात आहे, फार तर शेजारच्या गंगव्वाला थोडंफार ठाऊक असेल. आणि इथं हा शेट्टी गल्ल्यावर बसून वड्या मोजत होता. बरं, त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं, तशी गत. भिंतीला हात लावून ती उभी राहिली तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो लेकीचा नव्हे, स्वतःचा आला: याला कळलंय. मी काय केलं ते याला कळलंय.

चामराजपेटेतल्या त्या वठारात सहा बिऱ्हाडं होती आणि अंगणात मिळून एक नळ. सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी चार ते सहा पाणी यायचं. राजीला, म्हणजे राजलक्ष्मीला, नऊ वर्षांच्या पोरीला, घड्याळ बघायला लागायचं नाही. नळातून पहिला गुरगुराट झाला की ती जिथं असेल तिथून उठायची. मग हात. आधी बोटं एकेक, मग तळवे, मग मनगटं, मग कोपरापर्यंत, आणि मधे कुठं चुकलं, कुणी हाक मारली, कावळा ओरडला, की परत पहिल्यापासून. नळाची तोटी सगळ्यांनी धरलेली म्हणून ती तोटीला हात लावायची नाही. अण्णांनी, म्हणजे बापानं, चंबूनं पाणी घालायचं. शेषगिरी कारखान्याच्या बसनं दुपारी साडेतीनला घरी यायचा, डबा ठेवायचा, शर्टाच्या बाह्या दुमडायचा आणि चंबू घेऊन उभा राहायचा. टेलिफोनच्या कारखान्यात तो तपासनीस होता, दिवसभर भिंग लावून बारीक बारीक तुकडे पाहायचा, हा चालेल, हा चालणार नाही. आणि घरी येऊन पोरीच्या हातावर पाणी घालायचा, आणि ती मान वर करून बघायची तेव्हा म्हणायचा, ‘सरी,’ म्हणजे ठीक आहे. पण त्याच्या ‘सरी’नं भागायचं नाही. शेवटचा शिक्का अम्माचा. हात सुकवत, ते पुढं धरून, कशालाही लागू नयेत म्हणून कोपरं पोटाशी घट्ट धरून पोर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि विचारायची, ‘अम्मा, शिवलं का गं काही?’ आणि कमलानं म्हणायचं, ‘नाही शिवलं.’ परत, ‘नक्की?’ ‘शिवली नाहीस.’ आणि तिसऱ्यांदा, सावकाश, तोंडाकडे बघून, ‘शिवली नाहीस, राजी.’ दिवसातून किती वेळा हे चालायचं त्याचा हिशेब कमलानं कधी केला नाही. करायला गेलं तर वेड लागायची पाळी. आणि दर वेळी, ते तीन शब्द उच्चारताना, तिच्या जिभेवर काहीतरी कडू यायचं, कारण हे शब्द तिचेच होते. पोरीनं ते कुठून आणले ते तिला पक्कं ठाऊक होतं.

गंमत अशी की सुरवातीला या सगळ्याचं घराला कौतुकच होतं. कौतुक कसलं, मिरवणूक काढायची बाकी ठेवली होती. सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणायचं. अक्का म्हणजे आचाराचा कडेलोट. घराण्याला तीनशे वर्षं झाली या मुलखात येऊन, कानडी उंबऱ्याच्या आत आलं, जेवणात आलं, देवघरातही आलं, पण मडी, म्हणजे सोवळं, काही सुटली नाही. मडीचं लुगडं उंच दांडीवर काठीनं वाळत घालायचं आणि काठीनंच काढायचं, मधे कुणाचा पदर लागता कामा नये. राजी तेव्हा सहाची असेल नसेल. शाळेतून आली की दप्तर बाहेर ठेवून आपणहून हातपाय धुवायची, परकर बदलायची, मगच आत. अक्का आल्यागेल्याला सांगायच्या, बघा, नातीला सांगावं लागत नाही, रक्तातच आहे. मल्लेश्वरमहून नणंद आली तर तिच्या पोरांदेखत राजीला उभं करून दाखवलं होतं, हे असे हात धुवायचे. पोरीचा चेहरा त्या वेळी कसा होता ते कोण बघतंय? शेषगिरीनं कौतुकानं तिला वेगळा छोटा पितळी चंबू आणून दिला, तोच हा चंबू. आता तो हातात धरताना त्याचे कान लाल होतात. तेव्हा कमलालाही बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला? सून म्हणून इतक्या वर्षांत मडीच्या बाबतीत तिला जी शाबासकी मिळाली नव्हती ती तिच्या पोरीनं मिळवून दिली होती.

पण हे सगळं कमलाला आठवायचं नाही. म्हणजे आठवायचं, पण ते मोजणीत धरायचं नाही. तिची मोजणी सुरू व्हायची ती सासऱ्यांच्या श्राद्धापासून. सहासष्ट साल, तांदूळ मिळायचे वांधे. शेषगिरीनं कारखान्यातल्या एका माणसाच्या ओळखीनं मंड्या गावाहून दीड शेर चांगला तांदूळ आणला होता, श्राद्धापुरता जपून ठेवलेला. आदल्या दोन दिवसांत झड लागलेली, दांडीवरचं एकच मडीचं लुगडं कसंबसं सुकलं होतं, ते नेसून ती पहाटेपासून चुलीपुढं बसलेली. भात झाला होता, वड्यांची डाळ वाटून झाली होती, खीर उकळत होती. अक्का मागच्या अंगणात आंघोळीला गेलेल्या, शेषगिरी भटजींना आणायला गेलेला. आणि दार ढकलून राजी धावत आली. शाळा लवकर सुटली होती. तिच्या हातात एक पेन्सिल होती, टोकाला रबर असलेली, बाईंनी दिलेली, गणितात पहिली आली म्हणून; आणि ती दाखवायच्या नादात, शाळेच्या कपड्यांत, चपलांचा चिखल पायाला तसाच, पोरीनं मागून येऊन अम्माच्या गळ्यात हात टाकले. एक क्षण. ते ओलसर केस मानेला लागले, पेन्सिलीचं टोक हनुवटीला टोचलं, आणि खरं सांगायचं तर कमलाला त्या क्षणी बरं वाटलं होतं. आणि मग अंगावर वीज पडावी तसं भान आलं. मडी गेली. भात गेला, वडे गेले, खीर गेली. दुसरं लुगडं नाही, दुसरा तांदूळ नाही, भटजी वाटेवर. अक्कांच्या न्हाणीतून तांब्याचा आवाज येत होता. कमलानं पोरीचे हात सोडवले, तिला दोन्ही दंडांना धरून समोर उभी केली, आणि दातओठ खाऊन म्हणाली, ‘कुणाला सांगायचं नाही. शिवली नाहीस तू. कळलं? शिवली नाहीस.’ दंड इतके जोरात दाबले होते की पोर रडायचीसुद्धा विसरली. मग भटजी आले, जेवले, तृप्त झालो म्हणाले. अक्कांनी पितरांच्या नावानं कावळ्याला ठेवलं. कावळा बराच वेळ आला नाही, आणि शेवटी आला. आणि त्यानंतर बरोबर एकविसाव्या दिवशी अक्कांना ताप भरला, पाच दिवसांत त्या गेल्या.

हे कुणाला सांगितलं? कुणालाही नाही. खाई त्याला खवखवे. अक्कांच्या बाराव्याला मडीनं स्वयंपाक करताना कमलानं मान वर केली नाही आणि बायका म्हणत होत्या, सासूवर किती जीव होता बघा. पुढं राजीचे हात फुटायला लागले. बोटांच्या सांध्यांवर चिरा पडल्या, त्यातून रक्त यायचं, लोणी चोळायला गेलं तर पोर हात मागं घ्यायची. जवळच येईना. हात पुढं धरून उंबऱ्याशी थांबायची, आत पाऊल नाही. शेजारी झोपायची ती लांब कोपऱ्यात जाऊन झोपायला लागली, आणि कमलाला ते स्वच्छ कळत होतं: ही मला दोष देतेय. हिनं माझं ऐकलं, खोटं पोटात ठेवलं, आजी गेली, आणि आता ही पोर रोज तीनतीनदा मला तेच वाक्य बोलायला लावते, घे, म्हण, शिवली नाहीस म्हण. नऊ वर्षांची पोर असा सूड उगवेल का? नाही उगवणार. पण मनाला कोण समजावणार? मंगळवारी राहुकाळात बनशंकरीला जाऊन लिंबाच्या सालीत दिवे लावून झाले, नऊ मंगळवार. देवीसमोर उभी राहून ती राजीसाठी मागायला जायची आणि तोंडातून निघायचं, मला क्षमा कर. देवीनं काय करायचं बिचारीनं.

शेट्टीच्या दुकानातून आल्यावर त्या दुपारी तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं की आता बाहेर बोलायला लागलेत. शेषगिरीनं शर्टाच्या खिशातून एक चिठ्ठी काढली. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी दिलेली, होसूर रस्त्याच्या मनाच्या इस्पितळातल्या एका डॉक्टरांच्या नावानं. घडी घालून घालून तिचे चार तुकडे व्हायला आले होते. दोन महिने रोज शर्ट बदलला की हा माणूस ती चिठ्ठी या खिशातून त्या खिशात ठेवत होता, आणि बोलला नव्हता. का, म्हणून तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, वेड्यांच्या इस्पितळात पोरीला नेऊ या असं तुला कुठल्या तोंडानं सांगू? तिला राग यायला हवा होता. आला नाही. आपल्या घरात दोघांच्याही खिशात काही ना काही आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

डॉक्टर नरसिंह तरुणच होते, विलायतेहून शिकून आलेले, पण पायांत साध्या चपला, आणि कमलाला ‘कमलम्मा’ म्हणायचे, अगदी शेट्टीसारखं. कानडीत बोलायचे, सावकाश. पहिल्या गुरुवारी त्यांनी तिघांनाही एकाच खोलीत बसवलं, एका बाकावर नव्हे, तीन खुर्च्या गोल मांडून, चौथी त्यांची. कमलाला वाटलं होतं ते पोरीला आत नेतील, औषध देतील, विजेचा काही उपाय असतो म्हणतात तो करतील, आणि आपण बाहेर चिंचेखाली बसू. तसं काहीच नाही. त्यांनी प्रत्येकाला एकच विचारलं, घरात दिवस कसा जातो. सकाळपासून. कोण काय करतं, कोण काय बोलतं. शेषगिरीनं चंबूचं सांगितलं. कमलानं ते तीन शब्द सांगितले. डॉक्टर लिहून घेत होते, आणि मधेच त्यांनी विचारलं, सांगितल्यावर तिला बरं वाटतं का? वाटतं, कमला म्हणाली. किती वेळ? राजीनंच खाली बघत सांगितलं, ‘स्वल्प वेळ.’ हे आजारपण आहे, डॉक्टर म्हणाले, ताप असतो तसं. पोरीचा हट्ट नाही आणि भक्तीही नाही. मनात एक भीती शिरते आणि ती पुन्हा पुन्हा खात्री मागते. तुम्ही खात्री देता, भीती जेवते, निजते, आणि उठली की तिला पुन्हा भूक. तुम्ही दोघं प्रेमानं तिला वाढताय. हे प्रेमानं म्हटलं त्यांनी, पण शेषगिरीनं आपले हात मांडीखाली घातले. एखादं पोर घालतं तसे.

येताना लालबागेपाशी बस थांबली, फुलांच्या टोपल्या घेऊन बायका चढल्या, आणि राजी अंग चोरून खिडकीला चिकटली. कमलाच्या डोक्यात एकच चालू होतं. भीती शिरते म्हणाले. कुठून शिरते ते नाही सांगितलं. विचारलं तर सांगतील. आणि आपण सांगितलं, श्राद्धाचं सगळं सांगितलं, तर? काटा कुठं आहे ते कळल्याशिवाय कसा निघणार? तिला एकदम लख्ख दिसलं की पोर बरी व्हायची चावी आपल्याकडे आहे, दोन वर्षं आपल्या कनवटीला आहे, आणि अब्रूपायी आपण ती काढत नाही. नवरा काय म्हणेल? वडलांचं श्राद्ध. त्याच्या हातून पितरांना विटाळलेलं अन्न गेलं, त्याच्या आईचा जीव गेला, आणि बायको मान खाली घालून वाढत होती. दुसऱ्या गुरुवारी ती जिभेवर आणून गिळून आली. मधल्या आठवड्यात राजीनं उंबऱ्याशी येऊन विचारलं की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि डॉक्टरांनी सांगूनही ती उत्तर द्यायची, तीनच्या जागी चारदा द्यायची. देणं भागच होतं. खोटं आपण बोललो, आता ते निभवायलाही आपणच हवं.

तिसऱ्या गुरुवारी तिनं सांगितलं. खुर्चीत ताठ बसून, नवऱ्याकडे न बघता, डॉक्टरांच्या टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे बघत, कानडीत सुरू केलं आणि मधेच कधी मराठीत गेली ते तिचं तिला कळलं नाही. तांदूळ, झड, लुगडं, पेन्सिल. ‘मी हिला खोटं बोलायला लावलं. त्यानंतर हे सुरू झालं. अक्का गेल्या त्या माझ्यामुळं, आणि ही अशी झाली ती माझ्यामुळं.’ एवढं बोलून ती थांबली आणि वाट बघत बसली. कशाची? शेषगिरी उठून जाईल याची. नाहीतर राजी रडेल, येऊन बिलगेल, आणि तिच्या हातांच्या चिरा भरून येतील याची. खिडकीबाहेर माळी पाईपनं झाडांना पाणी घालत होता.

मग शेषगिरी बोलला. रागानं नाही, तो तुकडे तपासतो तसा, भिंग लावून. म्हणाला, पण त्याच्या आधीपासून आहे हे. अक्का होत्या तेव्हाच नाही का हात धुवायची? चंबू मी अक्का असताना आणला. आणि त्याच्याही आधी, दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या होत्या, पाच वर्षांची होती, राजाराणीची जोडी कुणी बोटभर सरकवली तर परत सगळी आरास पहिल्यापासून, रात्री जेवली नव्हती, आठवतं? आपण हसलो होतो. कमलाला आठवलं. सगळं एकदम आठवलं, नणंदेच्या पोरांदेखत उभी केलेली राजी, तिचा रडवेला चेहरा, आणि ते श्राद्धाच्या वर्षभर आधीचं. दोन वर्षं रोज तिनं हा हिशेब मांडला होता आणि रोज पहिलं पान फाडून मांडला होता. म्हणजे माझ्यामुळं नाही ना, तिनं नवऱ्याला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, परत नवऱ्याला विचारलं. आणि श्राद्धाचं? शेषगिरीनं डोळे पुसले, आईसाठी पुसले की कशासाठी ते कळलं नाही. ‘ते आपण घरी बोलू,’ तो म्हणाला. ‘पण पोरीचा त्यात काय दोष?’

डॉक्टर राजीकडे वळले. श्राद्धाचं तुला आठवतं का? राजीनं मान हलवली. नाही. पेन्सिल? पेन्सिल आठवते, रबराची, हरवली ती. अम्मानं हात धरले होते? नाही आठवत. कमला पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. ही खोटं बोलत नव्हती. हिला खोटं बोलता यायचं नाही, तेवढ्यासाठीच तर तीनतीनदा विचारायची. मग कशाची भीती वाटते, डॉक्टरांनी विचारलं, हात नाही धुतले तर काय होईल? पोर परकराच्या नाडीची गाठ बोटानं न शिवता नुसती बघत राहिली. मग म्हणाली,

‘माझ्या हाताचं अम्माला लागेल. मग अम्मा मरेल.’

आणि एवढं बोलून लगेच, घाईघाईनं, उंबऱ्याशी विचारायची त्याच आवाजात, ‘मी शिवले नाही ना तिला? बसमधे? शिवले नाही ना?’

कमलाचं तोंड उघडलं. शब्द दातांपर्यंत आले होते. डॉक्टरांनी नुसता हात वर केला, पोरीकडे नव्हे, तिच्याकडे बघून. तिनं तोंड मिटलं. दोन वर्षं ही पोर कोपऱ्यात जाऊन झोपत होती, लोणी लावू देत नव्हती, उंबऱ्याच्या आत येत नव्हती. ती आपल्याला शिक्षा करत नव्हती. ती आपल्याला जगवत होती. चिरा पडेपर्यंत हात घासून रोज सकाळसंध्याकाळ आपल्याला जगवत होती, आणि आपण? आपण आपलंच पाप कुरवाळत बसलो होतो. तिच्या हातांकडे बघायचो तेव्हाही आपले हातच बघत होतो. हे असं सरळ मनात आलं, आणि त्या क्षणी कमलाला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी श्राद्धाच्या दिवशीही वाटली नव्हती. आणि तरी, माणसाच्या मनाला काय म्हणावं, तिनं पदर तोंडाशी धरून डॉक्टरांना विचारलंच, म्हणजे माझ्यामुळं नाही ना झालं हे?

डॉक्टर नरसिंहांनी लेखणी खाली ठेवली. ‘कमलम्मा,’ ते म्हणाले, ‘आज आल्यापासून हे तुम्ही चौथ्यांदा विचारलंत.’

त्यांनी उत्तर दिलं नाही. ती वाट बघत राहिली, आणि ते तिच्याकडे बघत राहिले, चांगल्या, दमलेल्या डोळ्यांनी, आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. तिच्या छातीत जे उसळलं ते तिनं आधी कधी अनुभवलं नव्हतं; नुसतं ‘नाही’ म्हणा हो, एक शब्द, काय जातं तुमचं, मी घरी जाईन, जेवीन, झोपेन. आणि उद्या सकाळी परत विचारावंसं वाटेल. ते तिला तिथंच, खुर्चीत बसल्याबसल्या कळलं. शेजारी राजी खुर्चीच्या कडेला टेकून तिच्याकडेच बघत होती, ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.

मग घरी काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं. थोडं थोडं. आधी सोपं, मग अवघड. पोरीनं एका गोष्टीला हात लावायचा, तिला भीती वाटते अशा, आणि मग अम्माच्या हाताला. धुवायचं नाही. विचारलं तर खोटं सांगायचं नाही, धीर द्यायचा नाही. जे झालं ते एकदाच सांगायचं आणि जवळ बसायचं. भीती वर चढेल, तिला चढू द्या. ती दमते, माणसाच्या आधी दमते. अण्णांनी चंबू ठेवून द्यायचा. आणि श्राद्धाचं तुमचं तुम्ही बघा, ते म्हणाले, ते माझ्या औषधातलं नाही.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला तिघं घरी पोचले. शेषगिरीनं बाह्या दुमडल्या, मग परत सोडल्या, आणि चंबू फळीवर, मोठ्या डब्याच्या मागं ठेवला. तो अंगणात जाऊन गंगव्वाच्या नवऱ्याशी पावसापाण्याचं बोलत उभा राहिला, तिथून त्याला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. कमला उंबऱ्यावर बसली. बारा वर्षांत ती उंबऱ्यावर कधी बसली नव्हती, अक्कांनी बसू दिलं नसतं. तिनं हात पुढं करून मांडीवर ठेवला, तळवा वर. राजी दाराशी ठेवलेल्या बापाच्या चपलांपाशी उभी होती. ठरलं होतं तसंच: चप्पल, आधी चप्पल. पोर वाकली, दोनदा वाकून परत उभी राहिली, आणि तिसऱ्यांदा एक बोट चपलेच्या पट्ट्याला लावलं. ते बोट धरून, अंगापासून लांब, निखारा धरावा तसं, ती आली आणि अम्माच्या तळव्यावर टेकवलं. बोट खरखरीत होतं. एवढं खरखरीत असेल असं कमलाला वाटलं नव्हतं; बघितलं होतं रोज, पण हाताला लागलं नव्हतं.

नळ गुरगुरला. चार वाजले. अंगणात बादल्यांची आदळआपट सुरू झाली, कुणीतरी कुणालातरी कानडीत आधी आम्ही, आधी आम्ही म्हणून ओरडलं. राजीचं सगळं अंग नळाकडे वळलं, बोट तेवढं इथं राहिलं.

‘अम्मा,’ ती म्हणाली, ‘शिवलं का गं?’

कमलानं तोंडाकडे बघितलं. ‘शिवलीस, राजी.’

पोरीच्या डोळ्यांत भीती चढताना दिसत होती, चुलीवरचं दूध चढावं तशी, आणि ते उतरवायला कमलाकडे तीन शब्द होते, जिभेवर तयार, दोन वर्षं घासून गुळगुळीत झालेले. ‘मग तू मरशील?’ राजीनं विचारलं. ‘अम्मा? मरशील का? सांग ना. एकदाच सांग.’ बादली भरल्याचा आवाज बदलला. अंगणातून शेषगिरी बघत होता, त्यानं एक पाऊल टाकलं आणि थांबला. कमलाला कुणीतरी हवं होतं, अक्का, बनशंकरी, डॉक्टर, कुणीही, जे म्हणेल की तू बरोबर करतेयस, पोरीला याचं काही होणार नाही, तुझ्यामुळं काही झालेलं नाही आणि होणार नाही. कुणी म्हणालं नाही. तिनं बोटं मिटली आणि ते बोट आत धरून ठेवलं. दाबलं नाही, नुसतं धरलं. राजी हुंदके देत होती आणि हात सोडवून घेत नव्हती. दोघी तशाच बसून राहिल्या, आणि सहा वाजता नळ गेला तेव्हा पोरीचा हात कोरडा होता.